काटेकोरांटी लावायचीय? मग ऑक्टोबरपासून मागे मोजत या

पुण्यात फुलपाखरांची आणि मधमाश्यांची खरी पंचाईत दिवाळीनंतर सुरू होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुठल्याही टेकडीवर जा, वेताळ टेकडी म्हणा, तळजाई म्हणा, तेरडा, कुर्डू आणि कितीतरी बारकी बारकी फुलं नुसती पसरलेली असतात, सिंहगडाकडे गेलात तर सोनकीने उतार पिवळे झालेले दिसतात, त्या दिवसांत आपल्या बाल्कनीतल्या चार कुंड्यांवाचून कोणाचं अडत नाही. पण ही बहुतेक सगळी एका पावसाची झाडं, पाऊस ओसरला की बी टाकून वाळून जातात आणि नोव्हेंबर संपेपर्यंत टेकडीवर वाळलं गवत सोडून फार काही उरत नाही. नेमकी त्याच वेळी काटेकोरांटी फुलते. ऑक्टोबरच्या आसपास पहिली फुलं दिसतात आणि पुढे जानेवारी, कधी फेब्रुवारीपर्यंत चालू राहतात. म्हणून माझं म्हणणं असं की तुमच्याकडे जागा एकाच झाडाची असेल तर ती हिला द्या. आणि एकदा हे लक्षात आलं की मग बाकीचं, म्हणजे फांदी कधी लावायची, कात्री कधी चालवायची, खत कधी घालायचं, हे सगळं त्या ऑक्टोबरपासून मागे मोजत यायचं, बस.

आधी झाड नीट ओळखा

कोरांटी म्हणून नर्सरीत दोन-तीन वेगवेगळी झाडं मिळतात त्यामुळे हे सांगणं गरजेचं आहे. आपल्याला हवी ती पिवळी काटेकोरांटी, हिलाच वज्रदंती पण म्हणतात, शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस, लिनियसने १७५३ सालीच हिची नोंद करून ठेवलीय. अडुळसा आणि अबोली ज्या कुळातले त्याच कुळातली ही. कमरेएवढं, फार तर छातीएवढं झुडूप होतं, खालचं खोड जून लाकडासारखं, आणि जिथे पान फांदीला जोडलेलं असतं त्या बगलेत तीन-चार लांब टोकदार काटे एकत्र निघालेले असतात. फूल पिवळं, थोडं केशरीकडे झुकणारं, खाली नळी आणि वर पाकळ्या उघडलेल्या. काटे आणि पिवळं फूल एवढ्यावरून पिवळा धोतरा समजू नका, त्याची पानंच काटेरी असतात आणि तोडला की पिवळा चीक येतो, तो मेक्सिकोकडून आलेला आहे, आपला नाही.

जांभळी किंवा पांढरी कोरांटी जी जुन्या बंगल्यांच्या दारात असते ती वेगळी, तिच्या फांद्यांना असे काटे नसतात. ती पण आपल्याकडचीच आहे आणि चांगलीच आहे, लहान मुलं घरात असतील किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर लावायची असेल तर खुशाल तीच घ्या, खाली जे सांगतोय ते बरंचसं तिलाही लागू पडतं.

रोप कुठून आणायचं

सगळ्यात चांगलं म्हणजे ओळखीच्या कोणाकडून चार फांद्या मागून आणा. जुन्या वस्त्या, देवळांची आवारं, गावाकडची कुंपणं, तिथे कोरांटी हमखास असते आणि मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. नर्सरीत घ्यायची असेल तर सोलापूर रोडला मांजरी ते उरुळी कांचन पट्ट्यात चौकशी करा, पण फोनवर विचारू नका, जाऊन काटे बघून घ्या. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं तेव्हा नर्सरीवाल्यांचे स्टॉल लागतात, हिचं रोप तिथे मिळालं तर त्या दिवसांत ते फुलावर असतं त्यामुळे रंग चुकत नाही.

नर्सरीतून आणताना एक गोष्ट मात्र नक्की विचारा, कीटकनाशक कुठलं वापरलंय. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं झाड मुळातून शोषून घेतं आणि ती पार मधात आणि परागात उतरतात, म्हणजे आपण माश्यांसाठी लावलेलं झाडच त्यांना विष पाजणार. नर्सरीवाल्याने नीट सांगितलं नाही तर दुसरीकडून घ्या नाहीतर सरळ फांदीवरून रोप करा.

आणि टेकडीवरून उपटून आणू नका, प्लीज. ती बरीचशी वनखात्याची जमीन आहे आणि तिथे ते झाड त्याच्या जागी, त्याचं काम करतंय. शिवाय जून झाडाची मुळं मुरमात खोल गेलेली असतात, ओढून काढलेलं रोप सहसा जगत नाही.

फांदीवरून रोप

ही सगळ्यात सोपी पद्धत आणि बियांपेक्षा लवकर फुलं देणारी. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस पडले, हवा ओलसर झाली की सुरू करा, जुलै अखेरपर्यंत वेळ असतो. एकदम कोवळी हिरवी फांदी घेऊ नका, ती सडते, आणि खालची करकरीत लाकूड झालेली पण नको, तिला मुळं फुटायला फार वेळ लागतो. मधली घ्यायची, जी वाकवली तर वाकते पण जास्त वाकवली की कट्कन मोडते. पेन्सिलपेक्षा थोडी बारीक, साधारण वीतभर, तीन-चार पेरांची. खालचा काप पेराच्या जरा खाली तिरका घ्या, खालची पानं आणि काटे काढून टाका (काटे नखाने निघत नाहीत, छोट्या कात्रीने काढा, आणि जाड हातमोजे घालाच), वर एखादी पानांची जोडी ठेवा, पानं मोठी असतील तर अर्धी कापा.

कोकोपीट आणि वाळू निम्मी निम्मी, किंवा नुसती खडबडीत वाळू आणि थोडी माती, कशातही चालतं, फक्त पाणी साचता कामा नये. दोन पेरं आत जातील एवढी खोचा, बोटांनी बाजूची माती दाबा, आणि सावलीत ठेवा जिथे थेट पाऊस आपटणार नाही पण हवा दमट राहील, बाल्कनीचा आतला कोपरा उत्तम. रूटिंग पावडर लागत नाही, पावसाळी हवेत तशीच मुळं धरते. तीन-चार आठवड्यांत नवीन पालवी दिसेल, तेव्हा हलकेच ओढून बघा, फांदी धरून राहिली म्हणजे मुळं आली. पालवी दिसली म्हणून लगेच हलवू नका कारण कधी कधी फांदीत साठलेल्या ताकदीवरच पानं फुटतात आणि खाली मूळ नसतं, अजून एक-दोन आठवडे थांबा. चार फांद्या हव्या असतील तर आठ लावा, काही जातातच.

जूनमध्ये लावलेल्या फांदीला त्याच हिवाळ्यात थोडी फुलं येऊ शकतात, पण खरा बहर दुसऱ्या वर्षी.

बियांवरून करायचं असेल तर बी पण जूनमध्येच पेरा. पाण्यात टाकलं की बियांवरचे बारीक केस फुगून बुळबुळीत होतात, ते बघून बी खराब झालं समजू नका, पावसात मातीला चिकटून राहायला ती सोय आहे. अर्धा सेंटिमीटर खोल, त्याहून जास्त नाही. रोपं बोटभर झाली की वेगळी करा.

जागा आणि माती

ऊन किमान चार-पाच तास तरी हवं. उत्तरेकडच्या बाल्कनीत जगेल पण लांबुडकी होऊन पडेल आणि फुलं नावाला येतील, तिथे हिच्यामागे लागू नका. दक्षिण किंवा पश्चिमेची बाल्कनी, जिथे बाकीची नाजूक झाडं एप्रिलमध्ये करपतात, ती जागा हिला चालते.

जमिनीत लावताना पुण्यात खरी काळजी घ्यायची ती काळ्या मातीची. नदीकडच्या भागात, हडपसर, मांजरी बाजूला जाड काळी माती असते, ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. दीड फूट खड्डा करा, निघालेल्या मातीत तिच्या निम्मा तरी मुरूम किंवा विटांचा चुरा मिसळा आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडं उंचावर बसवा. बावधन, कोथरूड, धनकवडीच्या उताराला असाल तर खाली मुरूमच असतो, फक्त ओंजळ-दोन ओंजळी शेणखत घालून लावून टाका. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो तो हिला आरामात झेपतो, पण मुळशी-ताम्हिणीकडे फार्महाऊसवर लावणार असाल तर तिथला पाऊस कितीतरी पट, तिथे उतारावरच लावा. दोन झाडांत दोन फूट ठेवा, कुंपण करायचं असेल तर दीड फूट पुरे, दोन-तीन वर्षांत अशी गच्च होते की कुत्रं पण आत शिरत नाही.

कुंडी बारा इंची घ्या, मातीची असेल तर फारच छान. दोन भाग माती, एक भाग शेणखत नाहीतर घरचं कंपोस्ट, एक भाग विटांचे बारीक तुकडे. तळाचं भोक उघडं आहे ना ते बघा, सोसायटीत खालच्या मजल्यावर पाणी गळतं म्हणून लोक ते बुजवून टाकतात आणि मग झाड मेलं की कळत नाही का मेलं.

पाणी, खत, आणि कात्री

पाणी पहिल्या उन्हाळ्यात व्यवस्थित द्या, जमिनीत असेल तर आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या वर्षापासून मार्च ते मे आठ-दहा दिवसांतून एकदा भरपूर दिलंत तरी निभावतं. कुंडीला मात्र एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांनी पाणी लागणारच. उन्हाळ्यात पानं गळून झाड अर्धं उघडं दिसतं, मेलं म्हणून फेकून देऊ नका, खोडाला नखाने ओरखडा काढून बघा, आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे आणि पहिल्या पावसानंतर फुटणार आहे. खत जूनमध्ये एकदाच, कुंडीला दोन मुठी. जास्त खत घातलं, विशेषतः युरिया वगैरे, तर नुसता पाला माजतो आणि फुलं कमी येतात.

छाटणीचं मात्र नीट वाचा कारण फुलं येणार की नाही हे तिच्यावर ठरतं. फुलं येतात ती त्या पावसाळ्यात वाढलेल्या नवीन फांद्यांवर. म्हणून जोराची छाटणी मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, जमिनीपासून फूटभर ठेवून बाकी सगळं कापा. मग पावसाळ्यात फुटलेल्या फांद्या वीतभर झाल्या की जुलैमध्ये एकदा शेंडे खुडा म्हणजे बाजूने आणखी फांद्या फुटतात आणि तितके जास्त तुरे येतात. पंधरा ऑगस्टनंतर कात्री लावायची नाही. इथेच बहुतेक सोसायट्यांमधली कोरांटी फुकट जाते, कारण दिवाळीआधी सगळं आवार साफसूफ करायचं म्हणून कुंपण सरळ रेषेत कापलं जातं आणि कळ्यांनी भरलेले शेंडे कचऱ्याच्या गाडीत जातात. माळीकाकांना गणपतीच्या आधीच सांगून ठेवा, सेक्रेटरींनाही सांगा, एवढा पट्टा जूनशिवाय कापायचा नाही असं ठरवून घ्या. त्यांना कारण सांगितलं की ऐकतात, उलट माळीकाकांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असते, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

कोण कोण येतं

फुलाची नळी लांब आणि मध तळाशी, त्यामुळे हे झाड ज्यांची सोंड किंवा चोच लांब त्यांचं. इमिग्रंट, लाइम, छोटी छोटी स्किपर, ही फुलपाखरं सोंड सोडून आरामात पितात. शिंजीर येतात आणि फांदीला लटकून चोच घालतात. संध्याकाळी अंधार पडायच्या आधी हवेत एका जागी तरंगत मध पिणारा हॉक मॉथ हा पतंग दिसला तर बघत राहा. काळा भुंगा येतो पण त्याची पद्धत वेगळी, तो फुलाच्या तोंडातून न जाता नळीला बुडाशी चीर पाडून मध काढतो, त्याने परागीकरण होत नाही, तरी त्याला हाकलू नका, तुरीसारख्या कितीतरी पिकांच्या फुलांवर तोच मोठं काम करतो. आपल्या सातेरी आणि फुलोरी माश्यांची जीभ तेवढी लांब नसते, त्या मुख्यतः परागासाठी येतात. मधमाश्यांबद्दल आणखी शिकायचं असेल तर गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून, पुण्यातच असून कितीतरी पुणेकरांना माहीत नाही.

माझी सगळ्यात आवडती ती निळ्या पट्ट्यांची माशी, इंग्रजीत ब्लू बँडेड बी म्हणतात. मधमाशीएवढीच, पोटावर निळसर चमकदार पट्टे, एका फुलावर क्षणभर थांबते आणि गुणगुणत सटकन पुढच्या फुलावर. ही पोळं करत नाही, मादी एकटी मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते. म्हणून झाडाखाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक किंवा पालापाचोळ्याचा जाड थर टाकू नका, हातभर जागा उघडी, कोरडी माती तशीच राहू द्या. आणि झाडाच्या दोन-चार वाळक्या काड्या पण ठेवा. या माश्यांचे नर संध्याकाळी अशा काडीला जबड्याने घट्ट धरून ओळीने झोपतात, टॉर्च हळूच मारून बघा, पण हात लावू नका. भुंग्याला घर करायला कोपऱ्यात वाळका बांबू किंवा जुनं लाकूड ठेवा.

पानं कुरतडलेली दिसली तर

आनंद माना. लेमन पॅन्सी आणि तिच्या जवळची काही फुलपाखरं कोरांटीच्या पानांवर अंडी घालतात. अळ्या काळपट, अंगावर फाटे फुटलेल्या काट्यांसारखं काहीतरी, दिसायला भीतीदायक पण पॅन्सीच्या अळ्या डसत नाहीत. त्या पानं खातात, झाडाला फरक पडत नाही, पुन्हा फुटतात. नुसता मध देणारी झाडं लावली तर फुलपाखरं हॉटेलात आल्यासारखी येतात, खातात आणि जातात, राहायला येण्यासाठी त्यांना पिल्लांचं खाणं पण इथेच मिळावं लागतं. नर्सरीत बटरफ्लाय प्लांट म्हणून पेंटास देतात, घाणेरी देतात, त्यांच्यावर मध भरपूर आहे, पण त्यांची पानं आपल्याकडच्या फारशा अळ्यांना चालत नाहीत. आणि घाणेरी, कॉसमॉस यांनी आपल्या टेकड्यांवर काय केलंय ते फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतंय, ती तर लावूच नका.

फवारणी अजिबात नको, कडुनिंबाचं तेल पण नको, नैसर्गिक असलं तरी अळी त्यानेही मरते. पिठ्या ढेकूण लागला, म्हणजे खोडावर पांढरा कापसासारखा थर, तर जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून तेवढीच जागा घासून काढा आणि मग साध्या पाण्याने धुवा. सोसायटीत डासांसाठी धूर किंवा पेस्ट कंट्रोलवाले येणार असतील तर कुंड्या तेवढ्यापुरत्या आत घ्या, जमिनीतल्या झाडाशेजारी उभं राहून त्यांना लांबून जायला सांगा.

सोबत काय लावावं

जागा असेल तर चित्रक लावा, पांढरी फुलं, झेब्रा ब्लू हे छोटं फुलपाखरू त्यावर वाढतं, फक्त मुळाचा रस कातडीला लागला तर फोड येतात तेव्हा खणताना सांभाळून. रुई असेल तर प्लेन टायगर येणारच, तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. फेब्रुवारीत कोरांटी थांबते तेव्हा पुढचं काम पळस, पांगारा आणि धायटी घेतात, पहिले दोन मोठे वृक्ष आहेत पण धायटी झुडूप आहे, बंगल्याच्या कोपऱ्यात सहज मावते, तिच्यावर शिंजीर नुसते तुटून पडतात.

बी

जानेवारीपासून खालची बोंडं तपकिरी व्हायला लागतात. बोंडाला वर चोच असते आणि आत दोन चपट्या बिया. पूर्ण पिकलं की ते तडकून बी लांब उडतं, म्हणून तपकिरी झाल्यावर दोन-तीन दिवसांत काढा, किंवा तुऱ्यावर जुन्या मलमलीचा तुकडा सैलसर बांधून ठेवा. सगळी काढू नका, थोडी तिथेच पडू द्या. काढलेली सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत, प्लास्टिकमध्ये नाही. परदेशातल्या नातेवाइकांनी मागितली तर मात्र देऊ नका, उत्तर ऑस्ट्रेलियात हीच कोरांटी तण म्हणून माजलीय आणि तिथे तिच्यावर बंदी आहे. इथे शेजाऱ्यांना, शाळेला, गावाकडे हवी तेवढी वाटा, पुडीवर काट्यांची आहे असं लिहा, आणि त्यांना सांगा की जूनचा पहिला पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.